लेकराचा पलंग घेताय? आधी वाकून त्याच्या खाली पाहा

विदर्भ म्हटलं की बाहेरून आलेल्या माणसाला ऊन आठवतं. ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, त्यामुळे ते चुकीचंही नाही. पण शाळेत, बँकेत, वनखात्यात किंवा दवाखान्यात नोकरी लागून तुम्ही भंडारा, गोंदिया, गडचिरोली किंवा चंद्रपूरच्या धानाच्या पट्ट्यात बिऱ्हाड मांडणार असाल, तर अर्धंच चित्र तुमच्या डोक्यात आहे. या पट्ट्यात, म्हणजे झाडीपट्टीत, वर्षाला साधारण 1200 ते 1500 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. गावाला लागून तलाव, घरामागे बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, साचलेलं पाणी, रोवणी चाललेली. अशा दिवसांत हवेतला दमटपणा 80 टक्क्यांच्या वर जातो आणि कपाटातला शर्टही सादळतो. म्हणजे मे महिन्यात करकरीत वाळलेला पलंग ऑगस्टमध्ये फुगणार, आणि वन बीएचकेत किंवा दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये त्याला हलवायला दुसरी जागाही नसणार.

दुकानात गेलं की दुकानदार डोक्याकडची फळी दाखवतो. तिच्यावर कार्टून असतं, लेकरू तिलाच चिकटतं. तुम्ही मात्र गुडघ्यावर बसा आणि पलंगाच्या खाली पाहा. पलीकडची भिंत दिसते का? गादी ज्यावर टेकते त्या पट्ट्यांमधून उजेड येतो का? खालची बाजू वरच्यासारखीच रंगवलेली आहे की कच्चीच सोडली आहे? गादीला खालून वारा लागत नसेल, तर वर कितीही पैसे घातले तरी दुसऱ्या पावसाळ्यात कुबट वास येणारच.

पहिलं काम: खडूनं पलंग काढा

दुकानात जाण्याआधी खोलीत जमिनीवर खडूनं चौकोन आखा. बाजारात सिंगल गादी साधारणपणे 72 बाय 36 इंच मिळते, 72 बाय 30 इंचही सहज मिळते. दहा बाय दहाच्या खोलीत आईबाबांचा पलंग, लोखंडी कपाट आणि दाराची उघडझाप धरली की ते सहा इंच फार मोलाचे ठरतात. दहा वर्षांचं लेकरू साधारण साडेचार फुटांचं असतं, त्यामुळे 72 बाय 30 चा पलंग सातवी-आठवीपर्यंत सहज पुरतो. पाच फुटांच्या खास ‘किड्स बेड’च्या नादी लागू नका. तो चार वर्षांत आखूड पडतो आणि त्या मापाची तयार गादी तालुक्याच्या बाजारात मिळत नाही.

चौकोन आखून झाला की दार पूर्ण उघडून पाहा, कपाट उघडून पाहा, रात्री दिवा न लावता बाथरूमपर्यंत चालून पाहा. दाराची रुंदीही मोजा. क्वार्टरची दारं कधी कधी अडीच फुटांचीच असतात आणि जोडलेला पलंग त्यातून आत जात नाही. तुमची बदलीची नोकरी असेल तर पलंग नट-बोल्टवर सुटा होणाराच घ्या.

दुसरं काम: प्रकार ठरवा

लहान घर म्हटलं की सगळे बॉक्स पलंगाकडे वळतात. खाली पेटी, पेटीत रजया, वर गादी. नागपूरच्या फ्लॅटमध्ये एक वेळ ठीक, पण धानाच्या पट्ट्यात लेकरासाठी मी तो घेऊ देणार नाही. पेटीतली हवा कोंडते, लेकराचा घाम आणि कधी कधी मूत गादीतून खाली उतरतं, आणि फळीच्या खालच्या बाजूला पांढरी-काळी बुरशी धरते. ती दिसत नाही, कारण गादी उचलून पाहतंय कोण? बुरशी आणि गादीतले धुळीचे बारीक किडे दोन्ही दमट हवेत वाढतात, आणि दम्याच्या लेकराला दोन्ही त्रास देतात. सामानाला जागा हवीच असेल तर चाकं असलेले दोन उघडे खण पलंगाखाली सरकवा, सफाईच्या दिवशी ओढून बाहेर काढता येतात. बॉक्स आधीच घेऊन झाला असेल, तर वरच्या प्लायला सहा-आठ इंचांवर एकेक इंची भोकं पाडून घ्या आणि ऊन पडेल त्या दिवशी झाकण उघडं ठेवा.

दुमजली पलंग, म्हणजे बंक बेड, दोन लेकरं असली की डोळ्यांत भरतो. आधी पंख्याकडे पाहा. स्लॅबची उंची दहा फूट असेल तर पंख्याची पाती आठ-नऊ फुटांवर फिरतात. वरची गादी पाच फुटांवर असली आणि चार फुटांचं पोट्टं तिच्यावर उभं राहिलं, तर हिशोब तुम्हीच करा. शिवाय मे महिन्यात तापलेल्या स्लॅबच्या किंवा टिनाच्या जवळ झोपायला कोणीच तयार नसतं, आणि वरचा मजला कपडे टाकायचा होऊन जातो. घ्यायचाच असेल तर सहा वर्षांच्या आतलं लेकरू वर झोपवू नका आणि पंखा छताऐवजी भिंतीवर लावा.

आईबाबांच्या पलंगाखालून ओढून काढायचा बुटका पलंग जागेच्या दृष्टीनं उत्तम. दिवसा तो आत सरकलेला असतो, म्हणून सकाळी गादी लगेच आत ढकलू नका, तासभर वारा लागू द्या. तो जमिनीला फार जवळ असतो, त्यामुळे पुढे मच्छरदाणीबद्दल लिहिलंय ते त्याला दुप्पट लागू.

आणि बाज. खाली, वर, सगळीकडून वारा खेळतो. उन्हात उभी करता येते, पाहुणे आले की अंगणात जाते. नायलॉनच्या नवारीची बाज पाच वर्षांपुढच्या लेकराला खुशाल द्या, मात्र नवार महिन्या-दोन महिन्यांनी आवळत राहा. सुताच्या नवारीला ओल धरते आणि सुतळीत ढेकूण घर करतात. एक वर्षाच्या आतल्या बाळाला बाजेवर झोपवू नका. त्याला घट्ट, सपाट जागाच लागते. मऊ गादी, उशी, जाड गोधडी यांत त्याचं नाक दाबलं जाऊ शकतं.

जमिनीवरच गादी टाकली तर काय बिघडलं, असंही कोणी विचारेल. फरशीची ओल हे एक कारण. दुसरं कारण मण्यार साप. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि तिचे दात इतके बारीक की झोपलेल्या लेकराला कळतही नाही. सकाळी पोटात दुखतं, पापण्या जड होतात, आणि घरचे अपचन समजतात. शंका आली तरी थेट ग्रामीण रुग्णालय गाठा, झाडपाल्यात वेळ घालवू नका. पलंग हा इथे चैनीचा भाग नाही.

तिसरं काम: लाकूड, लोखंड की प्लाय

तुम्ही सागवानाच्या देशात आला आहात. आलापल्ली, बल्लारपूरच्या डेपोंमधलं लाकूड देशभर जातं. अयोध्येच्या मंदिरासाठी 2023 मध्ये बल्लारपूरहूनच सागवान गेलं. त्यामुळे वाढई, म्हणजे सुतार, तुम्हाला सागच सुचवेल आणि तो बरोबरच आहे. पण सागाच्या नावावर काय मिळतंय ते तपासा. सागाच्या मधल्या, सोनेरी-तपकिरी भागात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे त्याला वाळवी सहसा लागत नाही. सालीजवळचा पांढुरका भाग मात्र कच्चा. त्याला वाळवीही लागते आणि भुंगाही. वाढई म्हणेल, “काही नाही होत जी त्याले.” तुम्ही नम्रपणे पाय आणि आडव्या पट्ट्या पांढरा भाग वगळूनच करायला सांगा. लाकूड परवान्याच्या आरागिरणीतून, पावतीसकट घ्या. जंगलाच्या जिल्ह्यात पावती नसलेलं सागवान स्वस्त पडत नाही, आणि बदलीच्या वेळी पलंग ट्रकात चढवताना ती पावती हाताशी असलेली बरी.

लाकूड वाळलेलं हवं. दिवाळी ते होळी हा पलंग करून घ्यायचा उत्तम काळ. एप्रिल-मेमध्ये केलात तर खणांना थोडी सैल जागा ठेवायला सांगा, नाहीतर ऑगस्टमध्ये ते फुगून अडकतात आणि लेकरू मूठ धरून लोंबकळत बसतं. पावसाळ्यात पॉलिश करू नका. हवेतल्या ओलाव्यानं ते पांढुरकं पडतं आणि मग सगळं घासून पुन्हा करावं लागतं. खिळ्यांऐवजी स्टेनलेस स्टीलचे किंवा पितळी स्क्रू लावून घ्या. गादीखालच्या पट्ट्या तीन इंच रुंद, पाऊण इंच जाड, आणि दोन पट्ट्यांमध्ये दोन इंचांची फट. लेकरं पलंगावर झोपतात कमी, उड्या जास्त मारतात, म्हणून मधोमध एक उभा आधार द्या.

आंब्याचं लाकूड स्वस्त, पण मऊ आणि किडीचं लाडकं. बांबूचा पलंग दिसायला सुरेख आणि हलका असतो, पण बांबू बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवलेला आहे का ते विचारा. नसेल तर वर्षभरात खाली पिवळी पूड सांडायला लागते. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. बांबूतच मन अडकलं असेल तर प्रक्रिया केलेला बांबू कसा असतो ते तिथे समजेल.

लोखंडी पलंग वाळवीला भीत नाही आणि स्वस्तात होतो. गंज त्याचा शत्रू, आणि तो आधी वेल्डिंगच्या जोडावर धरतो. पाइपची उघडी तोंडं टोपीनं बंद हवीत, नाहीतर आत ओल साठते आणि पलंग आतून सडतो. रेड ऑक्साइडचा एक हात, मग रंग; शक्य असेल तर पावडर कोटिंग. पायांना रबरी टोप्या. लाकडाला असो की लोखंडाला, रंग शिसं नसलेला घ्या, कारण दात येणारं लेकरू कठडा चावतंच. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाची मर्यादा दशलक्षात 90 भागांची आहे आणि 2017 पासून ती लागू आहे. जुना उरलेला डबा कोणी काढला तर नको म्हणा.

पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफचे तयार पलंग ऑनलाइन चकचकीत दिसतात. हे बोर्ड पाणी पितात, फुगतात आणि स्क्रू सोडतात. इथे घेऊ नका, बस. प्लाय घ्यायचा तर आयएस 710 चा शिक्का असलेला बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारा, घ्या. नुसता ‘एमआर’ म्हणजे ओलावा थोडाफार सोसणारा, झाडीपट्टीच्या पावसाळ्याला तो कमी पडतो. प्लायच्या कडा आणि खालची बाजू बंद केलेली हवी. दुकानदार वरून सनमायका लावतात आणि खालून लाकूड उघडं ठेवतात, म्हणूनच गुडघ्यावर बसायला सांगितलं.

चौथं काम: गादी

विदर्भ कापसाचा मुलूख आहे, त्यामुळे कापसाची गादी हवी त्या मापाची भरून मिळते. उन्हाळ्यात तिच्यासारखी थंड दुसरी नाही. पण कापूस ओलावा धरून ठेवतो, आणि इथे चार महिने ऊन भरवशाचं नाही. म्हणून एक जाड गादी भरण्यापेक्षा दोन-दोन इंचांच्या दोन पातळ गाद्या भरा. लेकरानं ओली केली तर वरची एकच वाळवायची, आणि घरात दोरीवर पंख्याखालीही ती वाळते. आजीबाई जाड गादीचा आग्रह धरतील, त्यांना हे वाळवणाचं गणित सांगा, पटेल.

काथ्याची गादी आतून मोकळी असल्यानं वारा जातो आणि ती घट्टही असते. चार इंचांची पुरे. फोमची गादी घाम धरते, मेमरी फोम तर गरमही होतो. घ्यायचाच असेल तर तळवा दाबून उचला. हाताचा ठसा तसाच राहिला तर ती लेकरासाठी नको. दुकानातलं प्लॅस्टिकचं वेष्टन घरी आल्याबरोबर काढा. ते ठेवून झोपवलं की आत पाणी सुटतं. मुतणाऱ्या लेकरासाठी पूर्ण गादीवर प्लॅस्टिक घालण्याऐवजी कंबरेच्या भागात रबरी शीट आणि वर सुती चादर टाका.

पाचवं काम: उंची, कठडा, फटी

पलंगाखाली जमिनीपासून दहा इंच मोकळी जागा, वर अडीच-तीन इंचांची चौकट, त्यावर चार इंचांची गादी, म्हणजे लेकरू साधारण सतरा इंचांवर झोपतं. इतक्यावरून पडलं तर रडतं आणि उठतं. झाडणीही खाली सहज जाते. पाच वर्षांच्या आतल्या लेकराला अर्ध्या लांबीचा कठडा द्या, पायाकडची बाजू उतरायला मोकळी. कठडा गादीच्या वर निदान पाच-सहा इंच यायला हवा. जाड गादी घेतली की तो आपोआप बुटका होतो. कठड्याच्या दांड्यांमधली फट अडीच इंचांपेक्षा कमी, आणि गादी व चौकट यांच्यात दोन बोटंही जायला नकोत.

सहावं काम: मच्छरदाणी पलंगालाच जोडा

गडचिरोलीत हिवताप अजून आहे, आणि धानाच्या बांधीत पाणी असेपर्यंत डासही आहेत. भिंतीला खिळे ठोकून दोऱ्या बांधण्यापेक्षा पलंगाच्या चारही कोपऱ्यांवर दांड्या उभ्या करायची सोय आधीच करून घ्या. लोखंडी पलंगाला चार नळ्या वेल्ड होतात, लाकडी पायांना भोकं पाडता येतात. नंतर करायला गेलं की वाढई येत नाही आणि पलंग खराब होतो. मच्छरदाणीची झालर गादीखाली खोचा, नुसती लोंबती ठेवू नका. खोचलेली असेल तर डासांबरोबर विंचू आणि साप यांचीही वाट अडते. त्याच कारणानं चादर किंवा रजई जमिनीला टेकू देऊ नका. आरोग्य खात्याकडून औषध लावलेली मच्छरदाणी मिळाली असेल तर ती सारखी धुऊ नका, आणि धुतल्यावर सावलीतच वाळवा.

सातवं काम: जागा, आणि कुलर

ओल येणाऱ्या भिंतीला पलंग चिकटवू नका. पण मोठी फटही नको, छोटं लेकरू तिच्यात घसरून अडकू शकतं. भिंतीच्या बाजूनं चौकटीला दोन इंची लाकडी गुटके ठोका. वारा जातो, लेकरू जात नाही. खिडकीखाली पलंग ठेवला तर पावसाची झड थेट गादीवर येते, आणि चढणाऱ्या पोरासाठी ती शिडीही होते.

इकडे येणारे लोक कुलर घेतात आणि त्यानंतर लेकराचा पलंग त्याच्या तोंडासमोर सरकवतात. वाळ्याच्या ताट्या लावलेल्या कुलरचा वारा मे महिन्यात स्वर्ग, पण पहिला पाऊस पडला की तोच कुलर खोलीत नुसता ओलावा ओततो. मृगाच्या सरी सुरू झाल्या की त्याचा पाण्याचा पंप बंद करा, नुसता पंखा चालवा. गादी सादळायचं निम्मं कारण तिथेच संपतं. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. लोखंडी कुलरमध्ये वीज उतरून माणसं दगावल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात. लोखंडी पलंग कुलरला टेकलेला नको, आणि झोपेत लेकराचा हात पोचेल एवढ्या अंतरावरही नको. तीन पिनचा प्लग लावा, घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवा. घरमालक कुरकुरला तर स्वतःच्या पैशानं बसवा.

पलंगाखाली तांदळाचे कट्टे ठेवायची इथे सवय आहे, घर लहान असलं की मोह होतोच. कट्ट्याला उंदीर येतो, उंदरामागे साप. कट्टे स्वयंपाकखोलीत पाटावर ठेवा. कपड्यांच्या वासासाठी डांबर गोळ्या लेकराच्या पलंगाजवळ ठेवू नका. त्या गोड गोळीसारख्या दिसतात, शिवाय जीसिक्सपीडी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या लेकरात त्यांनी रक्तपेशी फुटू शकतात. कडुनिंबाचा वाळलेला पाला चालतो.

पहिला पावसाळा

आठवड्यातून एकदा गादी उचलून भिंतीला उभी करा आणि पट्ट्यांवर हात फिरवा. हाताला गार, ओलसर लागलं तर तासभर पंखा खालच्या बाजूनं सोडा. बुरशीचे ठिपके दिसले तर कोरड्या फडक्यानं झटकू नका, ती उडून नाकात जाते. साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्यानं पुसा, मग वाळवा. पायांपाशी मातीची बारीक नळी चढलेली दिसली तर ती वाळवी. नळी मोडून भागत नाही, वारूळ भिंतीत किंवा फरशीखाली असतं. घरमालकाला तेव्हाच सांगा.

पावसाळा सरला की बोल्ट एकदा पाना लावून आवळा. लाकूड आकसलेलं असतं, आणि मग कुरकुर ऐकू आली की लोक वाढयाला नावं ठेवतात.